रविवारचा वर्ग : इंदूरच्या मराठी ख्रिस्ती मुलांना विश्वास शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी हाताला धरून बाजूला घेतंच. “ताई, एक विचारायचं होतं.” गेली २२ वर्षं मी इंदुरात मराठी मंडळीच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते. कुणी त्याला शब्बाथ शाळा म्हणतं, कुणी संडे स्कूल. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा लिहून काढले. ही उत्तरं म्हणजे मंडळीचा ठराव नव्हे. पाळकसाहेबांनी वाचून दोन ठिकाणी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. ती दोन्ही ठिकाणं मी तशीच ठेवली आहेत.

मुलाला कितव्या वर्षापासून पाठवावं?

चौथं लागलं की पाठवा. फक्त पहिले दोन-तीन रविवार घरचं कुणीतरी जवळपास असू द्या. मूल रडलं तर उचलून न्या, पुढच्या आठवड्यात परत आणा. “देवबाप्पा रागावेल हं” असं सांगून आत ढकलू नका. त्या एका वाक्याचं निस्तरायला मला पुढे वर्ष जातं.

बाप्तिस्मा झालेला नसेल तर चालतं का?

चालतं. आपल्याकडे काही घरी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, काही घरी मूल मोठं होऊन स्वतः म्हणेपर्यंत थांबतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा या दोन्ही पद्धती मान्य करूनच सहा मंडळ्या एकत्र आल्या. मोठ्यांनी तो वाद मिटवला आहे, तो वर्गाच्या दारात पुन्हा काढायला नको.

घरी मराठी, शाळा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. मग वर्ग मराठीतच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तरुण आईबाप विचारतात तेव्हा त्यात थोडी चीडही असते. मुलाला दहावीला मराठी नाही, नोकरीसाठी ती लागणार नाही, मग हे ओझं का?

आपल्यातल्या बऱ्याच घरांची मुळं नगर-जालन्याकडची. (नगर आता अहिल्यानगर झालं, म्हणजे इंदूरकरांना नावानंही घरचंच.) माझे वडील तिकडून इथे कापड गिरणीत कामाला आले. इंदुरात १८७७ साली मिशनचं काम सुरू केलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) लोकांनी, आणि त्यांची मंडळी हिंदीत रुजली. त्यामुळे आपण इथे दुहेरी अल्पसंख्य : ख्रिस्ती म्हणून मराठी माणसांत थोडे, मराठी म्हणून ख्रिस्ती माणसांत थोडे. पण मराठी टिकवायची म्हणून मी वर्ग मराठीत घेत नाही. तापात मूल ज्या भाषेत आईला हाक मारतं त्याच भाषेत ते देवाला हाक मारतं, एवढंच माझं कारण. ज्या घरात ती भाषा आता हिंदी झाली आहे त्या मुलाशी मी हिंदीत बोलते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

अडचणी मात्र आहेत. मुलांना देवनागरी वाचता येते, पण ती हिंदीची. ‘ळ’ समोर आला की गाडी अडते. तेविसावं स्तोत्र काढून दिलं तर ‘परमेश्वर माझा मेंढपाल आहे’ असं ऐकू येतं, आणि पाळकांचं ‘पालक’ होतं, म्हणजे एक तर आईवडील नाहीतर भाजी. मी वर्षातला पहिला महिना निव्वळ ‘ळ’वर घालवते. बाळ, फळ, जवळ, कळप, मेंढपाळ. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि खाली आपटायचं. मुलं हसून लोळतात, पण शिकतात.

त्याहून अवघड शब्दांचे अर्थ. एकदा मोठ्या गटात ‘तारण’ (आपल्या बोलीत पापातून सुटका) शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, कुणाला माहीत आहे का? सातवीतला एक जण म्हणाला, “हो ताई, आजीच्या बांगड्या बँकेत ठेवल्यात ना, ते.” वर्ग हसला. मी थांबवलं. पोरगा चूक नव्हता. सोनं तारण ठेवतात तो शब्द हाच. मग अर्धा तास त्यावरच गेला. बांगड्या कुणाच्या, त्या सोडवून कोण आणणार, पैसे कुणी भरायचे? मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून देण्याविषयी बोलतो. मुलांना खंडणी माहीत असते ती बातम्यांतली, गुंडांची. ‘दाखला’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात हिंदीतला ‘दाख़िला’ येतो, म्हणजे शाळेतली ॲडमिशन. मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांना आठवतो शाळा सोडल्याचा दाखला. आणि मी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला उभी असते. अशा वेळी मी मराठी आणि हिंदी दोन्ही बायबलं उघडून ठेवते. दाखला म्हणजे तिकडचा दृष्टांत, कृपा म्हणजे अनुग्रह, शुभवर्तमान म्हणजे सुसमाचार. एकाच गोष्टीला दोन शब्द सापडले की मूल थांबून विचार करतं. एकभाषी वर्गाला ही चैन मिळत नाही.

कोणतं मराठी बायबल द्यावं?

मोठ्या अक्षरातलं. बाकी सगळं नंतर. लहान टायपातलं काळं जाड पुस्तक बक्षीस म्हणून दिलं की ते कपाटात जातं आणि लग्नातच बाहेर येतं.

उपासनेत वाचतात तीच आवृत्ती वर्गात असावी, म्हणजे कानावर एकच पाठ पडतो. शब्द जड वाटले तर मी आधी सोप्या भाषेतलं भाषांतर वाचते, मग नेहमीचं. यात पाप नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, कारण त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमातल्या अर्धशिक्षित बायकांना ते वाचून कळावं. १९२२ मध्ये त्या गेल्या, छापलेलं पुस्तक आलं १९२४ मध्ये. ‘सोपं केलं की पावित्र्य जातं’ म्हणणाऱ्या काकांना मी ही हकीकत सांगते. ते ऐकतात आणि आपलंच म्हणणं पुढे चालवतात.

वचनांचं पाठांतर घ्यावं की नाही?

घ्यावं, पण थोडं, आणि गोष्टीच्या नंतर.

प्रश्नोत्तरं पाठ करून धर्म शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी. ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी १५२९ ची. प्रेस्बिटेरियन लोकांची वेस्टमिन्स्टरची लघुप्रश्नोत्तरी १६४७ ची, १०७ प्रश्नांची. माझ्या आजीला लहानपणी पाठ केलेली उत्तरं म्हातारपणी, बाकी सगळं विसरल्यावरही येत होती. नातवंडांची नावं चुकायची, पण ‘आमची रोजची भाकर’ चुकली नाही. म्हणून पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

पण एके वर्षी आम्ही चढाओढ लावली, सगळ्यात जास्त वचनं कोण म्हणतो. जिंकलेल्या मुलीनं ४० वचनं धडाधड म्हटली. बक्षीस देताना मी सहज विचारलं, यातलं तुला आवडलेलं कुठलं? ती गोंधळली आणि म्हणाली, “सगळ्यात छोटं.” चूक तिची नव्हती, आमची होती. तेव्हापासून महिन्याला एक वचन. तेवढं पुरतं.

कुठली गोष्ट कुठल्या वयाला सांगावी?

लहान गटाला जक्कय सांगा. बुटका माणूस, गर्दी, उंबराचं झाड. आपल्या मुलांना उंबर ‘गूलर’ म्हणून माहीत असतो. एकदा झाड दाखवून आणा, मग येशू खाली उभा राहून वर बघतो ते त्यांना दिसतं. हरवलेलं मेंढरू सांगा, पाच भाकरी-दोन मासे सांगा. डबा देणारा मुलगा त्या गोष्टीत असतोच, योहानानं नोंदवलाय.

आता माझी चूक सांगते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी सहा-सात वर्षांच्या मुलांना अब्राहामानं स्वतःच्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवल्याची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून. फ्लॅनेलच्या बोर्डवर लाकडं लावली, सुरी लावली, मुलाऐवजी बळी गेलेला, झुडपात अडकलेला एडका लावला. मुलं गप्प. मला वाटलं, काय छान तास झाला! रात्री साडेनऊला एका आईचा फोन आला. पोरगा पप्पांजवळ झोपायला तयार नव्हता. मुलाच्या कानात एडका शिरलाच नव्हता, सुरी तेवढी शिरली होती. आता ती गोष्ट मी दहा-अकराच्या आधी काढत नाही, आणि काढली तर सुरीचं चित्र लावत नाही.

नोहाचं तारूही वाटतं तितकं बाळबोध नाही. जोडी-जोडीनं जिराफ, हत्ती छान, पण प्रत्येक बॅचमध्ये एक मूल हात वर करतंच : “बाकीच्या लोकांचं काय झालं?” उत्तराची तयारी नसेल तर गोष्ट पुढच्या वर्षी सांगा.

मुलानं विचारलं आणि मला उत्तर येत नसेल तर?

“मला माहीत नाही” म्हणा. मग “बघून सांगते” म्हणा, आणि पुढच्या रविवारी खरंच सांगा. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि मुलं तोच लक्षात ठेवतात.

एक उदाहरण. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात, बाग-कुक्षीकडे नर्मदेच्या खोऱ्यात, डायनासोरची अंडी सापडली आहेत. संशोधकांनी तिथे ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली, ती बातमी २०२३ मध्ये गाजली. शाळेची सहल मांडूला गेली की मुलं तिथलं जीवाश्मांचं संग्रहालय बघून येतात. तसाच एक जण आला आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय चालू असताना म्हणाला, “ताई, ती अंडी साडेसहा कोटी वर्षांच्याही आधीची आहेत. तुम्ही सहा दिवस म्हणताय.”

काही शिक्षक इथे डोळे वटारतात. नका वटारू. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि दिवस लिहायला लावले. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी सूर्य. लिहिता लिहिता तोच थांबला : “सूर्यच नव्हता, तर पहिले तीन दिवस मोजले कशावर?” मी म्हटलं, हाच प्रश्न संत ऑगस्टीनला १६०० वर्षांपूर्वी पडला होता, तू चांगल्या माणसाच्या पंगतीत बसलायस. मग आम्ही तो अध्याय मोठ्यानं वाचला, ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हटलं. हे कशासारखं वाटतं? एकीनं सांगितलं, “गाण्यासारखं.” जग कुणी आणि कशासाठी केलं हे गाणारं गाणं. अंड्याचं वय किती ते धारचे दगड सांगतील. आपल्या मंडळीत सहा दिवस म्हणजे चोवीस-चोवीस तासांचे मानणारी घरंही आहेत. त्यांच्या मुलांसमोर मी त्यांच्या आईवडिलांना चूक ठरवत नाही. (पाळकसाहेबांचं पहिलं प्रश्नचिन्ह इथे.)

वेगळ्या जातीचा प्रश्न म्हणजे, “आजीसाठी प्रार्थना केली होती, तरी ती का गेली?” इथे बघून सांगते म्हणायचं नसतं. कारण इथे मूल माहिती मागत नाही. मी त्याच्या शेजारी बसते. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी येशू रडला, एवढंच सांगते. तो लाजराला उठवणार होता, तरी आधी रडला. ‘देवाला चांगली माणसं हवी असतात म्हणून त्यानं नेली’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. एका लहानग्यानं ते ऐकून चांगलं वागायचंच सोडून दिलं होतं.

जास्त प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गात ‘थोमा’ (येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणारा शिष्य) म्हणून चिडवतात, ते थांबवा. येशूच्या लहानपणाची, जन्मानंतरची म्हणून, चारही शुभवर्तमानांत मिळून एकच गोष्ट सविस्तर येते. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजींच्या मधोमध बसून ऐकतो आणि प्रश्न विचारतो.

“माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही. ती नरकात जाणार का?”

हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात, बहुतेक वेळा वर्ग सुटल्यावर. बेंचवर शेजारी बसणारी, डब्यातली पोळी-भाजी वाटून खाणारी मैत्रीण असते ती.

तारण ख्रिस्तात आहे असं आपण मानतो, हे मी लपवत नाही. पण आत कोण आणि बाहेर कोण याची यादी आपल्या हातात दिलेली नाही. अब्राहामानं देवालाच विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? मी मुलीला तोच अध्याय काढून देते, उत्पत्ती १८. शिवाय मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते भुकेल्याला खायला दिलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, हे. काही पालकांना हे उत्तर सैल वाटतं; योहान १४:६ (‘माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही’) वाचून दाखवतात. मीही तेच बायबल वाचते. दहा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीच्या डोक्यावर नरक दिसायला लागला तर ती ना देवावर प्रेम करील ना मैत्रिणीवर, एवढंच मला दिसतं. (दुसरं प्रश्नचिन्ह.)

गणपतीचा मोदक, दिवाळीचा फराळ, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) : मुलांना काय सांगायचं?

गेरला आमची निम्मी मंडळीच राजवाड्यावर असते, त्यामुळे तो प्रश्न मिटला. रंग अंगावरून दोन दिवस निघत नाही आणि रविवारी गुलाबी कानांची मुलं वर्गात बसतात.

फराळाचंही सोपं आहे. हिंदू शेजाऱ्यांकडून दिवाळीला ताट येतं, आपल्याकडून नाताळात करंज्या, चकल्या आणि केक जातो.

प्रसादाबाबत घरोघर रीत वेगळी. पौलानं करिंथच्या मंडळीला यावरच दोन-तीन अध्याय लिहिले, म्हणजे भांडण तेव्हाही होतंच. मूर्तीला काही सामर्थ्य नाही म्हणून खाणारे होते, आणि मनाला टोचतं म्हणून न खाणारेही. पौल दोघांना म्हणतो, एकमेकांची मनं सांभाळा. मुलांना मी सांगते, घरी जे ठरलंय ते पाळा. नको असेल तर हात जोडून “नको काकू” म्हणा. मोदक घेऊन गुपचूप गटारात टाकायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण एकदा घडलं आहे, आणि त्या काकूंनी खिडकीतून पाहिलं होतं.

क्षमा कशी शिकवायची? मुलं म्हणतात, “आधी त्यानं मारलं.”

मी इथलीच गोष्ट सांगते. सिस्टर राणी मारिया केरळच्या, कॅथलिक. उदयनगरच्या बाजूला आदिवासी शेतमजुरांत काम करायच्या, सावकाराच्या कर्जातून सुटायला त्यांना मदत करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. पुढे सिस्टरांची सख्खी धाकटी बहीण, तीही नन, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. त्यांच्या आईनंही त्याला माफ केलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

खुनाचे तपशील सांगू नका, राखीचा सांगा. राखी आपल्या मुलांना पक्की माहीत आहे. एका मुलानं विचारलं, “त्या दीदीला राग नाही आला?” आला असेलच की. क्षमा म्हणजे राग न येणं नव्हे, हे मुलांनी त्या प्रश्नावर बोलता बोलता स्वतःच काढलं. मोठ्या गटातल्या एकीनं तर विचारलं की माफ केल्यावर त्याला तुरुंगात ठेवायचं की सोडायचं. त्यावर वर्ग दोन रविवार भांडत होता.

आणि एक. “सॉरी म्हण त्याला” अशी वर्गात सक्ती करू नका. जबरदस्तीच्या सॉरीनं दोघांनाही खोटं बोलायला शिकवलं जातं.

प्रार्थना कशी शिकवावी?

प्रभूची प्रार्थना पाठ, बाकीची स्वतःच्या शब्दांत. आमच्या लहान गटातली मला आवडलेली : “देवा, उद्या नर्मदेचं पाणी येऊ दे, नाहीतर मम्मी चिडते. आमेन.” एक दिवसाआड नळ येणाऱ्या शहरात याहून मनापासूनची प्रार्थना कुठली? मोठ्यांसारखी ‘हे सर्वसमर्थ, कनवाळू’ म्हणणाऱ्या मुलाचं कौतुक झालं की बाकीची गप्प बसतात. ज्याला मोठ्यानं करायची नसेल त्याला सोडा.

परीक्षा आणि मार्क?

बायबलमध्ये पुस्तकं किती, राजा कोण, नदी कुठली, याची परीक्षा घ्या. विश्वासाची नको. ‘येशूला ज्यांनी हृदयात घेतलं त्यांनी हात वर करा’ हा प्रकार मी बंद केला. शेजारचा करतो म्हणून सगळे करतात.

मुलं मोबाइलवर बायबलचे कार्टून बघतात. पुरे नाही का?

घरी बघू द्या. वर्गात नको. कार्टून मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही.

कॅथलिक शेजाऱ्यांचं मूल वर्गात आलं तर गोंधळ होतो का?

थोडा, मजेशीर. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्यात ६६. दहा आज्ञा त्याच, पण आकडे सरकलेले. आपली सहावी, ‘खून करू नको’, त्यांच्याकडे पाचवी. क्विझमध्ये यावरून रडारड झाली आहे. दोन्ही उत्तरांना मार्क द्या. त्याचं धर्मशिक्षण आणि प्रथम कम्युनियनची तयारी त्याच्या चर्चमध्येच होऊ द्या, आपण ओढाओढ करायची नाही.

मी ख्रिस्ती शाळेत शिक्षिका आहे. वर्गात बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. तिथेही हे सगळं चालेल का?

नाही. दोन वर्ग वेगळे समजा.

संविधानाचं कलम ३० आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क देतं. पण कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, अल्पवयीन मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय. म्हणून ख्रिस्ती मुलांचा तास वेगळा, आणि बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षण. मूल्यशिक्षणात चांगल्या शोमरोन्याची (जखमी परक्याला मदत करणाऱ्याची) गोष्ट सांगायला हरकत कसली, तशी पंचतंत्रातलीही सांगता. पण शेवटी ‘आता सगळे डोळे मिटा’ म्हणायचं नाही.

मध्य प्रदेशात तर अधिकच जपून. इथे धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे. त्यावरच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम आला. त्यात अल्पवयीन मुलाच्या बेकायदा धर्मांतराला दोन ते दहा वर्षं कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड आहे. भेटवस्तूही प्रलोभनात मोडते. तेव्हा मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळेत शेजारची मुलं खेळायला म्हणून घुसली तर आधी आईवडिलांशी बोला, लेखी होकार घ्या, नसेल तर प्रेमानं घरी पाठवा. रंगपेटी वाटली तर तिचा हिशेब ठेवा. हे मी भीतीपोटी लिहीत नाही. माझ्या मुलाला कुणी मला न विचारता त्यांच्या प्रार्थनेत बसवलं असतं, तर मीही भांडायला गेले असते.

मुलांच्या सुरक्षेचं काय?

वर्गात कायम दोन मोठी माणसं. दार उघडं. एकट्या मुलाला खोलीत थांबवून ‘खास प्रार्थना’ नाही, मग ती कुणीही करो. मुलानं काही सांगितलं तर ते मंडळीची बदनामी होईल म्हणून आत दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, तो पुसायचा नाही असं मुलांनाही माहीत आहे.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, “मी येणार नाही, मला हे पटत नाही.” ओढून आणावं का?

ओढून आणलेला मुलगा मागच्या बाकावर मोबाइल बघत बसतो. मी त्याला काम देते. तबला वाजवतो? गीतांना बस. हिशेब येतो? अर्पणाची वही घे. पटत नाही म्हणणं हेही देवाशी बोलणंच असू शकतं. ईयोबाच्या पुस्तकात तो अध्यायच्या अध्याय तक्रार करतो, आणि शेवटी देव रागावतो तो त्याला गुळगुळीत उत्तरं देणाऱ्या मित्रांवर. आईवडिलांना हे पटवणं मुलापेक्षा अवघड. एका आईनं मला विचारलं, “पण तो परत येईल ना ताई?” खात्री देता येत नाही, असंच सांगितलं. तो मुलगा आता पुण्याला असतो. नाताळात घरी आला की मागे उभा राहून गीतं म्हणतो, आणि प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर जाऊन थांबतो. मी त्याला काही विचारत नाही.

मला शिकवायला यायचंय, पण थिऑलॉजी शिकलेली नाही.

मीही नाही. पाठ शनिवारी रात्री नको, बुधवारी वाचून ठेवा. गोष्ट पुस्तकातून न बघता सांगता येईपर्यंत वर्गात जाऊ नका. पहिले तीन महिने कुणाच्या तरी मागे बसा, पेन्सिली तासा.

वर्ग किती वाजता? आणि पोहे-जिलबी दर रविवारी मिळते का?

वर्ग साडेआठला. पोहे महिन्याच्या पहिल्या रविवारी, आणि ज्या घरी वाढदिवस असेल त्या रविवारी. शेव आपापली आणा. मागच्या वेळी एका किलोची पुडी पाळकसाहेब येईपर्यंत संपली होती.